गड्ड्यातला फोन परक्यांचे कॉल वाहत नाही

गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, जवळ आली की आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं म्हणणं असं: ५जी फोन गर्दीत एकमेकांना सिग्नल पुढे देतात. होम मैदानावर तुमच्या फोनमधून परक्यांचे कॉल जातात, म्हणून तो तापतो, बॅटरी आणि डेटा संपतो. कंपन्या यात टॉवरचा खर्च वाचवतात. सबब, यात्रेत ५जी बंद ठेवा.

‘फोन एकमेकांना सिग्नल देतात.’ हे अगदीच हवेतलं नाही, म्हणून तर पटतं. मोबाइलची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या बाराव्या आवृत्तीत (२०१५) दोन फोनांनी थेट बोलायची सोय आली. तेराव्यात, रेंजबाहेरच्या फोनसाठी मधल्या फोनने निरोप्या व्हायची. ५जीसाठी तीच सोय सतराव्यात, २०२२ साली. पण ४जीतली ही सोय मुख्यतः पोलीस, अग्निशमन दल यांच्यासाठी आखलेली. शिवाय चिप तशी हवी, नेटवर्कची परवानगी हवी. नवी पेठेतून आणलेल्या साध्या फोनात ते चालू नसतं.

‘आपोआप होतं.’ कसं होईल? ४जीच्या १८०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात फोन १७१० ते १७८५ मध्ये बोलतो आणि १८०५ ते १८८० मध्ये ऐकतो. टॉवरचं नेमकं उलटं. म्हणून त्या पट्ट्यात शेजारचा फोन तुमच्या साध्या फोनला ऐकूच येत नाही.

‘फोन तापतो, हाच पुरावा.’ तापतो, खरंय. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याजवळ माझाही तापला होता. पण कारण वेगळं. टॉवरकडे काही मागण्याआधी फोनला दार ठोठवावं लागतं, म्हणजे ‘मला जागा द्या’ असा छोटा इशारा पाठवावा लागतो. ४जीत एका सेलकडे (टॉवरच्या एका विभागाकडे) या ठोठावण्याचे ६४ सूर असतात. दोन फोनांनी एकाच क्षणी एकच सूर लावला की टक्कर. मग थोडं थांबून पुन्हा, आणि उत्तर आलं नाही तर आवाज चढवून, कमाल ०.२ वॅटपर्यंत. त्यात मधली माणसंच सिग्नल शोषतात, आणि प्रत्येकाला मिरवणुकीतल्या नंदीध्वजांचा व्हिडिओ त्याच मिनिटाला स्टेटसला टाकायचा असतो. तुमचा फोन घसा फोडतोय तो तुमच्याचसाठी.

‘डेटा चोरला.’ सेटिंगमध्ये अ‍ॅपनुसार हिशोब असतो, तो बघा. हॉटस्पॉट चालू राहिला असेल तर गोष्ट वेगळी. हरवलेला फोन शोधायच्या सेवेत मात्र परक्यांचे फोन खरंच मदत करतात: ब्लूटूथवरून आलेली बारीकशी खूण पुढे पाठवतात. कॉल नाही.

‘टॉवर वाचवतात.’ निरोप्या फोनलाही शेवटी त्याच टॉवरकडे जायचंय. टॉवरवर हजारो फोन लटकलेले असताना निरोप्याने जागा वाढते कुठे?

उरलं ५जी बंद करणं. तिथे ५जी अगदीच क्षीण असेल तर ४जीवर राहून बॅटरी थोडी वाचेल; सगळ्यांनीच तसं केलं तर गर्दी ४जीवर. आमच्या घरात चुकामूक झाली तर भेटायची जागा निघतानाच ठरते, कारण ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’च्या गजरात कॉल लागला तरी ऐकू काय येणार?