चूक झाली तर भाषेने तिथेच ओरडायला हवं

प्रोग्रामिंग अवघड असतं अशी माझी तक्रार नाही. अवघड आहे म्हणून तर आवडतं. माझी तक्रार आहे जावास्क्रिप्टच्या, म्हणजे वेबपानं चालवणाऱ्या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या, गप्प बसण्याबद्दल. आपण काहीतरी चुकीचं लिहितो, ती ते निमूटपणे चालवून घेते, कसलं तरी उत्तर काढून देते आणि पुढे जाते. बोंब होते ती पार दुसऱ्या टोकाला, ग्राहकाच्या स्क्रीनवर.

परवा कामावर हेच झालं. बिलाच्या पानावर १०० रुपयांत १८ रुपये कर मिळवायचा होता, एकूण रक्कम आली १००१८. पानावरच्या चौकटीत माणूस आकडा टाइप करतो, पण कोडच्या हातात पडते ती स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरांची माळ. स्ट्रिंग आणि नंबरच्या मध्ये अधिकचं चिन्ह आलं की जावास्क्रिप्ट दोन्ही एकमेकांना चिकटवते. तिथेच वजाचं चिन्ह असेल तर मात्र स्ट्रिंगचा नंबर करून व्यवस्थित वजाबाकी करते! त्यामुळे त्याच पानावरची सवलत बरोबर येत होती आणि सगळे जण कराच्या दरात चूक शोधत बसले. अख्खी दुपार गेली. हीच बेरीज पायथन या दुसऱ्या भाषेत लिहा, त्या ओळीवरच टाइप एरर (स्ट्रिंग आणि नंबर मिसळल्याची तक्रार) येतो आणि गाडी थांबते.

सॉर्टचं, म्हणजे क्रम लावायच्या आज्ञेचं, तर विचारूच नका. ९०, १००० आणि ५०० हे आकडे नुसते सॉर्टला दिले की १०००, ५००, ९० असे परत येतात, कारण ते अक्षरांसारखे, पहिल्या अंकापासून बघत, लावले जातात. बघणाऱ्याला वाटतं, छान उतरत्या क्रमाने लागलेत. तारखेत ३१ फेब्रुवारी २०२५ मागितली तर हूं की चूं न करता ३ मार्च मिळते. कुणाच्या हप्त्याची तारीख अशी सरकली तर त्याला दंड बसेल, आणि कोडमध्ये लाल रेघसुद्धा दिसणार नाही. मला याचा खरंच राग येतो.

यामागचा इतिहास मला माहीत आहे. १९९५च्या मे महिन्यात नेटस्केप या ब्राउझर कंपनीत ब्रेंडन आइक यांनी या भाषेचं पहिलं रूप दहा दिवसांत उभं केलं. तेव्हा एरर पकडायची सोयच नव्हती, ट्राय-कॅच ही ती सोय प्रमाणित झाली १९९९मध्ये. आता मूळ वागणूक बदलावी तर जगभरातली जुनी पानं मोडतील. हेही कळतं. पण नव्या मुलांना ‘ही अशीच आहे, सवय करून घे’ असं सांगणं मला पटत नाही.

त्या दिवशी घरी येऊन पिठलं टाकलं. अशा दिवशी मला पिठलं-भातच लागतो, आणि तो करताना डोकं का शांत होतं हे आता नीट कळलंय. तिथे प्रत्येक पायरीवर काहीतरी बोलत असतं. मोहरी तडतडली नाही म्हणजे तेल तापलेलं नाही, थांबा. लसूण लालसर झाला की हिंग, हळद, लगेच कांदा-मिरची. उशीर केलात तर हळद काळपट पडते आणि करपल्याचा वास येतो. मग पाणी, मीठ. पाण्याला खळखळून उकळी आली की एका हाताने बेसन भुरभुरायचं, दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. गुठळी झाली तर डावाखाली तत्काळ जाणवते, कडेला दाबून मोडता येते. (बेसन आधी गार पाण्यात कालवून घेतलं तर गुठळ्यांची भीती जवळजवळ संपते, पण मला पेरलेलं पिठलं जास्त आवडतं, थोडं खरबरीत.) झाकण ठेवून वाफ काढली की कच्चट वास जातो. पिठलं रटरटायला लागलं की झालं.

स्वयंपाकात चुका उशिरा कळतच नाहीत असं नाही. तूरडाळीत चिंच किंवा आमसूल आधीच घातलं तर आंबटपणामुळे डाळ मऊ व्हायला तयार होत नाही, आणि ते समजतं कुकर उघडल्यावर. पण उघडल्यावर समजतं तरी! दाणा बोटांत चेपून बघितला की कळतं. पाहुण्यांच्या ताटापर्यंत ती डाळ ‘सगळं ठीक आहे’ म्हणत जात नाही.

म्हणून २०१२मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेलं टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टवरच उभी असलेली, काय नंबर आणि काय स्ट्रिंग हे कोड चालवण्याआधीच तपासणारी भाषा) मला फार मोलाचं वाटतं. बेरजेचं उत्तर नंबर असेल असं जाहीर केलं असतं, तर ते १००१८ कोड लिहितानाच अडलं असतं. अर्थात टाइपस्क्रिप्ट सगळं पकडत नाही. नुसतं सॉर्ट त्याला चालतं, ३१ फेब्रुवारीही चालते. तेवढ्यासाठी आपल्यालाच तपासणी लिहावी लागते. नवीन प्रोजेक्टमध्ये टाइपस्क्रिप्टचा स्ट्रिक्ट मोड, म्हणजे कडक तपासणी, पहिल्या दिवशी सुरू करा. नंतर करू म्हटलं की शेकडो एरर एकदम अंगावर येतात आणि टीम तो परत बंद करून टाकते. बिलाच्या त्या पानापासून आम्ही सुरुवात करतोय. चौकटीतून आलेला प्रत्येक आकडा आत घेतानाच नंबर करायचा, आणि तो नंबर होत नसेल तर बिल पुढे जाऊच द्यायचं नाही.