अहवाल ‘सकारात्मक’ आला म्हणजे नेमके काय झाले?

गेल्या महिन्यात आत्याच्या मानेवरच्या गाठीची बायॉप्सी झाली. अहवाल हाती पडताच मी घाईघाईने फोन करून ‘निगेटिव्ह आलाय’ एवढेच सांगितले आणि पलीकडे ती रडू लागली. गाठ साधी आहे, हे समजावल्यावर डोळे पुसत ती म्हणाली, ‘मग चांगलं झालं असं सरळ सांगायला तुला काय झालं होतं?’

तिचे चुकले असे मला मुळीच वाटत नाही. ‘पॉझिटिव्ह विचार करा’ असे ऊठसूट ऐकणाऱ्या माणसाने निगेटिव्हचा अर्थ वाईटच लावायचा. वास्तविक लॅटिनमधल्या मुळाशी एक शब्द ‘मांडलेले’ असा आहे आणि दुसरा ‘नाकारणे’ असा. आशावादी हा अर्थ त्या मानाने अगदी अलीकडचा. तपासणीत जे शोधले ते सापडले तर पॉझिटिव्ह, मग ते गर्भारपण असो की क्षयाचे जंतू. ओ निगेटिव्ह रक्तातही वाईट काही नसते, तांबड्या पेशींवर एक विशिष्ट प्रथिन नसते इतकेच. उलट आणीबाणीत रक्तगट तपासायला वेळ नसला की डॉक्टर तेच मागवतात.

विजेच्या बाबतीत तर ही नावे निव्वळ अंदाजाने पडली. बेंजामिन फ्रँकलिनने 1747 च्या सुमारास ती वापरली आणि 1897 मध्ये इलेक्ट्रॉन सापडला तो नेमका ऋण निघाला, त्यामुळे आजही पुस्तकातला वीजप्रवाहाची दिशा दाखवणारा बाण एकीकडे आणि तारेतले इलेक्ट्रॉन दुसरीकडे. छायाचित्रातली निगेटिव्ह मात्र मला अगदी पटते, कारण आमच्या घरातल्या जुन्या फिल्मवर आजोबांची काळी टोपी पांढरीशुभ्र आणि धोतर काळेकुट्ट दिसते.

आपल्याकडे यासाठी शब्दांचा दुष्काळ कधीच नव्हता. ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये धन आणि ऋण, म्हणजे संपत्ती आणि कर्ज, यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम सांगितले. तापमानाला आपण उणे म्हणतो, उत्तराला होकारार्थी-नकारार्थी. करोनाच्या काळात वृत्तपत्रांनी ‘बाधित’ हा नेमका शब्द रुळवला होता, आणि तरीही ‘अहवाल सकारात्मक आल्याने कुटुंब चिंतेत’ अशी वाक्ये छापली जातच राहिली. हा इंग्रजीचा दोष नाही, आपला आळस आहे.

आत्याच्या अहवालाच्या समासात मी शेवटी पेन्सिलीने लिहून दिले : ‘गाठीत कर्करोग आढळला नाही.’ येणाऱ्या-जाणाऱ्याला ती आता तेवढीच ओळ दाखवते.