पाळीव जनावरांवरची नैसर्गिक निवड संपलेली नाही

‘जनावर दावणीला बांधलं की नैसर्गिक निवड संपली, त्याच्या जनुकांत दिसतं ते सगळं माणसानं निवडलेलं,’ हा दावा बराच फिरतो आहे. त्याच्या बाजूनं चार मुद्दे मांडले जातात. चारही टिकत नाहीत.

‘जोड्या माणूस लावतो, मग निसर्गाला वाव कुठे?’ गर्भाशयात! होल्स्टिन गायींचंच घ्या. दुधासाठी इतकी कडक निवड फार थोड्या जातींत झाली असेल. अमेरिकेत १९६२ साली जन्मलेला ‘चीफ’ हा वळू इतका वापरला गेला की त्याच्या मुलीच सुमारे १६,००० झाल्या. त्याच्या एपीएएफ१ या जनुकाची एक प्रत बिघडलेली होती. गर्भाला आईबापांकडून दोन्ही प्रती तशाच मिळाल्या की तो पोटातच मरतो. हे ज्या रीतीनं हाती लागलं, ती मला फार सुंदर वाटते. २०११ साली अमेरिकी कृषी विभागाच्या शास्त्रज्ञांनी जे सापडत नाही तेच शोधलं. वाहक, म्हणजे एकच प्रत बिघडलेली, गाय आणि तसाच वळू यांच्या चार वासरांत सरासरी एक तरी बिघाड असलेल्या गुणसूत्राच्या तुकड्याच्या दोन प्रती घेऊन जन्मायला हवं. हजारो जनावरं तपासूनही तसं एकही मिळालं नाही. पशुपालकाला दिसते ती फक्त उलटलेली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आलेली गाय. निवड त्याआधीच झालेली असते.

‘घातक जनुक असतं तर केव्हाच नाहीसं झालं असतं.’ नॉर्डिक देशांतल्या लाल गायींत बाराव्या गुणसूत्राचा, डीएनएच्या सुमारे ६.६ लाख अक्षरांचा तुकडा गळालेला आढळतो. एका प्रतीत गळाला तर दूध वाढतं, दोन्हींत गळाला तर गर्भ जगत नाही. पैदासकार त्याला वर ओढतो, निसर्ग खाली. म्हणून तो टिकून आहे.

‘रोगाला टिकणाऱ्या जाती पैदासकारांनीच घडवल्या.’ पश्चिम आफ्रिकेतली न'दामा गाय त्सेत्से माशी पसरवते त्या रोगाला तग धरते. पशुपालकांनी निवड केली, हे खरंच. पण रोगातून वाचलेल्यांमधून.

‘आलेखात उंच शिखर दिसलं की माणसाची निवड सिद्ध.’ हा आलेख म्हणजे गुणसूत्रांवर कुठे निवडीच्या खुणा दिसतात त्याचा; शिखर म्हणजे जिथे बहुतेक जनावरांत एकसारखाच तुकडा आढळतो ती जागा. माझा सर्वांत मोठा आक्षेप इथे आहे. मोजक्याच वळूंचं वीर्य वापरलेल्या कळपात निव्वळ योगायोगानंही लांबच लांब एकसारखे तुकडे तयार होतात. तोच तुकडा वेगळ्या वंशाच्या, पण तशाच हवामानातल्या जातींतही उठून दिसतो का, आणि त्यातलं जनुक नेमकं काय करतं, हे तपासावंच लागतं. निवड खरी ठरली तरी ती माणसानं केली की रोगानं, हे नुसतं शिखर सांगत नाही.