खुलासा : सोडवलेला पोपट लगेच उडवून देऊ नका

‘पिंजऱ्यातून सोडवलेला पोपट त्याच दिवशी गच्चीवरून सोडा, तो आपोआप थव्यात मिसळतो’ असा मेसेज फिरतो आहे. हे चुकीचं आहे आणि पक्ष्याच्या जिवावर बेतणारं आहे.

विक्रेते बहुतेकदा पंख कापतात. कापलेलं पीस वाढत नाही. ते गळून नवं यावं लागतं, आणि त्याला कित्येक महिने लागू शकतात. शिवाय वर्षानुवर्षं न उडालेल्या पोपटाच्या छातीचे स्नायू दुबळे झालेले असतात. असा पक्षी जमिनीवर उतरला की मांजर, कावळे टपलेलेच. म्हणून आधी वेगळं ठेवून तपासणी, मग मोठ्या जाळीघरात उडण्याचा सराव, जमल्यास आपल्याच जातीच्या पक्ष्यांची सोबत. पहिल्या दिवसांत तो गप्प बसेल, कमी खाईल. त्याला सारखं हाताळू नका. दूध-पोळी तर नकोच, पक्ष्यांना दूध पचत नाही. पेरू, ओली मिरची, भिजवलेली कडधान्यं द्या.

‘मग आम्हीच पाळतो’ हेही चालणार नाही. आपले देशी पोपट पाळणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.