हापूस, केसर आणि कोय: बार्शीच्या दादांना उत्तर

दादा, आंब्याची कोय शेतातच लावून तिथंच तिच्यावर कलम बांधावं, आणि तेही हापूसचं नव्हे तर केसरचं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया आली. तुमचे मुद्दे तीन. कोय लावून वाट बघण्यात दीड वर्ष फुकट जातं, त्यापेक्षा पिशवीतलं तयार कलम आणावं. मी हापूसला विनाकारण कमी लेखतो, भाव तर त्यालाच आहे. आणि हापूसचीच कोय लावली तर कलमाचा खटाटोप हवाच कशाला? तुम्ही दोन एकर बाग धरताय, म्हणजे पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा प्रश्न आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवटच्या मुद्द्याचं उत्तर सरळ आहे. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून आलेला असतो. आई हापूस, पण बाप शेजारचा कुठलाही आंबा असू शकतो. त्या कोयीतून उगवतो तो रायवळ, म्हणजे कुठल्याच ठरलेल्या जातीचा नसलेला आंबा. तो गोड निघेलही, पण हापूस निघणार नाही, आणि हे कळेपर्यंत सात-आठ वर्षं गेलेली असतील.

आता हापूस. त्याची चव मी कधीच कमी लेखणार नाही. पण हे झाड कोकणच्या जांभ्या जमिनीचं आणि समुद्राकडच्या दमट हवेचं आहे. तिथंही ते बागायतदाराची परीक्षा बघतं. एक वर्ष लगडतं, दुसऱ्या वर्षी खाडा देतं. शिवाय साका. फळ वरून सोन्यासारखं दिसतं आणि कापलं की आत कोयीजवळ पांढरट, आंबूस, स्पंजासारखा गर निघतो. तापलेल्या जमिनीची धग फळाला लागणं हे साक्याचं एक कारण मानतात. म्हणून कोकणात झाडाखाली गवताचं आच्छादन करतात आणि फळ चौदा आणे तयार झालं, म्हणजे पूर्ण तयार व्हायला थोडं बाकी असतानाच, उतरवतात. आता एप्रिल-मे महिन्यातलं तुमचं बार्शीकडचं उघडं रान डोळ्यांसमोर आणा. दुपारी त्या मातीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही.

भावाचंही तसंच. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. तुम्ही ज्या भावाचं बोलताय तो या नावाचा भाव आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या फळाला ते नाव लावता येणार नाही.

केसर का म्हणतो, तर त्याचं मूळच कोरड्या, तापणाऱ्या मुलखातलं आहे. सौराष्ट्रात जुनागढकडे हा आंबा आधी ‘सालेभाईनी आंबडी’ म्हणून ओळखला जायचा. गिरनारच्या पायथ्याशी त्याची कलमं लागली आणि १९३४ साली जुनागढच्या नवाबाने गराचा रंग बघून त्याला केसर हे नाव दिलं असं सांगतात. आमच्या मराठवाड्यात तो परका वाटत नाही. हापूसइतका खाडा देत नाही, आणि आता ‘मराठवाडा केसर’ या नावाने त्याला स्वतःचं मानांकनही आहे. हापूसच्या चवीवर जीव असेल तर घरच्यासाठी रत्नाची चार झाडं लावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ साली नीलम आणि हापूस यांच्या संकरातून हा वाण दिला. त्यात साका होत नाही.

राहिला वेळेचा मुद्दा. जूनमध्ये कोय, पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात कलम, म्हणजे सव्वा वर्ष मागे पडतं. हे मी मागच्या लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं. शेळ्यांपासून राखण, पहिल्या दोन उन्हाळ्यांचं पाणी, हेही राहून गेलं. तुम्ही दाखवलंत ते बरं झालं.

पण माझ्या मुरमाड तुकड्यात काय झालं ते ऐका. शेजारशेजारच्या दोन ओळी होत्या. एकीत पिशवीतली २० कलमं, दुसरीत कोयीवर जागेवर बांधलेली २०. २०१६ चा उन्हाळा आला, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तो. आम्ही झाडांना घागरीने पाणी घालत होतो. पिशवीच्या ओळीतली ११ गेली, कोयीच्या ओळीतली ३. वाळलेलं एक झाड मी मुळासकट खणून काढलं. सोटमूळ पिशवीच्या तळाशी गोल वळलेलं होतं आणि जमिनीत चार वर्षं काढूनही ते वेटोळं तसंच होतं. खाली ओल असेल-नसेल, मूळ तिकडे गेलंच नव्हतं. एका तुकड्यावरून नियम काढू नये हे मला मान्य आहे, पण ते मूळ मी हातात धरलंय. कोयीचं सोटमूळ पहिल्या दिवसापासून सरळ खाली जातं, आणि कोरडवाहू रानात झाड जगतं ते त्याच्यावर.

कलम बांधायला फार अवघड नाही. केसरची तीन-चार महिन्यांची काडी निवडायची, तिची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून छाटायची, म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो. खुंटावर, म्हणजे कोयीतून वाढलेल्या रोपावर, तांबूस कोवळी पालवी असतानाच तो शेंड्याकडच्या कोवळ्या भागात कापायचा, खाली काही पानं राहू द्यायची. मधोमध चार-पाच सेंटिमीटर चीर द्यायची आणि काडीला दोन्ही बाजूंनी तेवढाच उतार देऊन पाचर बसवायची. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मधोमध बसवू नका. एका बाजूची साल सालीला तंतोतंत भिडली पाहिजे, सांधा तिथूनच जुळतो. पाते धारदार आणि कोरडं हवं, चीक आला की पुसायचा. प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची, वर पिशवीची टोपी घालायची. दोन-तीन आठवड्यांत डोळा हिरवा झाला की टोपी काढायची. जोडाखालून येणारे फुटवे मात्र दिसले की खुडा. ते राहिले तर वरचा केसर मरतो आणि तुम्ही रायवळच वाढवत बसता.

तरीही तयार कलमच आणायचं असेल तर एक करा. पिशवीच्या तळाच्या भोकातून जाड मूळ बाहेर आलेलं रोप घेऊ नका. ते पिशवीत फार दिवस राहिलेलं असतं.

कोय झाडाखालची ताजीच हवी, महिनाभरात तिची उगवण संपते. आमच्या बांधावरचा जुना रायवळ जूनच्या सुरुवातीला पिकतो. आधी कळवून या. कोयी पाण्यात टाकून बघू. बुडतील त्या तुमच्या, तरंगतील त्या टाकून द्यायच्या. प्रत्येक खड्ड्यात दोन लावायच्या, म्हणून दोन एकराला किती लागतील ते खड्डे मोजून सांगा.