वळणापुढे शहाणपण चालत नाही

आमच्या घरातले लेगोचे सगळे सेट मुलाच्या मालकीचे आहेत. वय वर्षं नऊ, स्वभाव वकिलाचा. मला हवं होतं वाफेचं इंजिन: काळं, लांबलचक, मोठ्या चाकांचं, बाजूला दांड्या खटाखट हलवत जाणारं. त्याच्याकडे होती एक आधुनिक प्रवासी गाडी, जिला पुढून आणि मागून सारखंच निमुळतं तोंड आहे. आपण चाललोय की परत येतोय, हे तिचं तिलाही कळत नसावं. पण तिच्यात मोटर होती, बॅटरीची पेटी होती आणि सोबत रूळ होते. खालच्या कप्प्यात चाच्यांचं जहाज होतं, म्हणजे काळा रंग मुबलक. त्याच्या शेजारी किल्ला, म्हणजे राखाडी. शिवाय माझ्या भावाच्या लहानपणीचा एक पत्र्याचा डबा माळ्यावर होता. एवढ्या मालमसाल्यात स्टीफन्सनने १८२९ सालचं ‘रॉकेट’ दोनदा बांधलं असतं, असं मी जाहीर केलं.

“त्याला मुलाची परवानगी काढावी लागली नसणार,” नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला.

बोलणी किल्ल्यापाशी अडली.

“आई, तू किल्ला मोडणार?”

“मोडत नाहीये रे. मागची भिंत फक्त उसनी घेतेय.”

“आणि मागून हल्ला झाला तर?”

“मागून कोण येतंय हल्ला करायला?”

“मागे भिंत नाही हे कळल्यावर सगळेच येतील.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी वहीच्या मधल्या पानावर करारनामा झाला. घेतलेला प्रत्येक पीस लिहून ठेवायचा. मालकाने मागितला की चोवीस तासांत परत करायचा. माणसांची डोकी कोणत्याही परिस्थितीत मिळणार नाहीत. आणि चिकटलेल्या प्लेटा, म्हणजे चपट्या विटा, सोडवायला दात वापरायचे नाहीत. हे शेवटचं कलम सरळसरळ माझ्यावर रोख धरून होतं. पीस सोडवण्यासाठी एक खास पट्टी मिळते, हे मला मान्य आहे. फक्त ती नेहमी ज्या ढिगात आपण शोधतोय त्याच ढिगाच्या तळाशी असते, आणि दात जागेवर असतात. साक्षीदार म्हणून नवऱ्याने सही केली. न वाचताच केली, सगळ्याच कागदांवर करतो तशी.

मग सुरू झाली शोधाशोध. जहाज सुटं केलं की काळ्या पिसांचा ढीग होतो आणि काळ्या ढिगात काळी, एक बाय दोनची प्लेट शोधायची असते. माणसाची उपजत बुद्धी सांगते की पीस रंगांप्रमाणे लावावेत. उपजत बुद्धीचं ऐकू नये. पीस आकाराप्रमाणे लावावेत, म्हणजे एक बाय दोनच्या रंगीबेरंगी गर्दीत काळी प्लेट चटकन नजरेत भरते. हे शहाणपण या छंदातल्या सगळ्यांना येतं, पण रंगांप्रमाणे लावून झाल्यावर.

डॅनिश गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी हिशेब करून दाखवलं आहे की आठ स्टडच्या (म्हणजे वरच्या गोल उंचवट्यांच्या), एकाच रंगाच्या अवघ्या सहा विटा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात. लोक हा आकडा कौतुकाने सांगतात. मला त्याची धास्ती वाटते. माझ्यासमोर सहा नव्हे, चांगल्या हजारभर विटा होत्या, आणि होऊ शकणाऱ्या त्या अगणित वस्तूंपैकी जवळपास एकही इंजिनासारखी दिसत नाही.

संगणकावर इंजिन आधी रचून पाहायची सोय आहे. जेम्स जेसिमन याने १९९५ साली त्यासाठी एलड्रॉ नावाचं सॉफ्टवेअर सुरू केलं, तेव्हापासून लेगोची हौशी मंडळी पडद्यावर विटा रचत आली आहेत. तिथे पीस संपत नाहीत, गुरुत्वाकर्षण लागू नसतं आणि मालक दारात उभा राहून मोजत नसतो. पडद्यावरचं माझं इंजिन देखणं आहे. त्याच्या बॉयलरला काळे वक्र पीस लागतात बारा. जहाजात निघाले सात.

बॉयलर गोल करणं हे या कामातलं खरं कारागिरीचं काम. विटेचे स्टड नेहमी आकाशाकडे बघतात आणि आपल्याला तर चारही बाजूंनी पाठ गोल करायची असते. म्हणून आतला गाभा अशा विटांचा करायचा ज्यांना कडेलाही स्टड असतात, आणि त्यांच्यावर वक्र पीस आडवे चढवायचे. आडवं-उभं एकमेकांत बसेल का, याचं उत्तर मिलिमीटरमध्ये आहे. दोन शेजारच्या स्टडमधलं अंतर ८ मिलिमीटर. प्लेटची जाडी ३.२. म्हणजे पाच प्लेटा एकावर एक ठेवल्या की होतात १६, म्हणजे बरोब्बर दोन स्टड. माझा अख्खा बॉयलर या एका समीकरणावर आडवा पडलेला आहे. पाच वक्र पीस कमी पडले ते मी पोटाच्या बाजूने सोडून दिले. इंजिनाचं पोट कोण बघतंय?

“मी बघतो,” मालक जमिनीवर गाल टेकवून म्हणाला.

भावाचा डबा उघडला आणि दोन गोष्टी निघाल्या. एक, धातूचे रूळ. १९९१ पासून काही वर्षं लेगोच्या गाडीला ९ व्होल्टची वीज थेट रुळांतून मिळत असे, त्या काळातले. त्याआधीही दोन पिढ्या होऊन गेल्या होत्या, १९६६ ची साडेचार व्होल्टची बॅटरीवाली आणि १९६९ ची बारा व्होल्टची. आताची गाडी पुन्हा बॅटरीवर आली आहे आणि रूळ निव्वळ प्लॅस्टिकचे. तरी जुना रूळ नव्या रुळाला निमूटपणे जोडला गेला. विटांचंही तेच. २८ जानेवारी १९५८ ला जिच्या पेटंटसाठी अर्ज झाला ती वीट आजच्या विटेवर बसते. मामाच्या आणि भाच्याच्या विटा एकमेकींत अशा घट्ट बसल्या की मला मिनिटभर भरून आलं.

दुसरी गोष्ट निघाली ती राखाडी रंगाची. २००४ च्या सुमाराला लेगोचा राखाडी बदलला. मामाचा राखाडी किंचित पिवळसर, भाच्याचा निळसर. डब्यात असताना कळत नाही, शेजारी बसवले की कळतं. बॉयलरच्या पुढच्या धूरपेटीची डावी बाजू एका शतकातली आणि उजवी दुसऱ्या शतकातली झाली. मी तिला काजळी म्हणायचं ठरवलं.

“एकाच बाजूला?” नवऱ्याने विचारलं. याला नको तिथे नजर असते.

बारीकसारीक सामानात मात्र चाच्यांनी फार मदत केली. त्यांच्या तलवारी बॉयलरच्या कडेने आडव्या लावल्या, झाले धरायचे दांडे. सरदाराचा पेला उलटा बसवला, झाली शिटी. सांगाड्याचा एक हात वाकवून ब्रेकची नळी केली. आणि तोफ उभी केली की असं काही धुरांडं होतं, की तोफ मुळात धुरांडं म्हणूनच जन्माला आली असावी. तोफेच्या नोंदीवर मालकाने दोनदा रेघ मारली आणि पुढे लिहिलं: महत्त्वाची.

इथवर सगळं डोकं, हात आणि उसनवारी यांच्या बळावर जमत होतं. मग आलं वळण.

लेगोच्या रुळाचं वळण ठरलेलं आहे. सोळा वाकडे रूळ जोडले की वर्तुळ पुरं होतं, त्रिज्या चाळीस स्टड, म्हणजे ३२ सेंटिमीटर. गाडीची रुंदी बहुधा सहा स्टड ठेवतात. खरा डबा साधारण तीन मीटर रुंद धरला तर आपली गाडी बासष्ट पटींनी लहान झाली, आणि त्या हिशेबाने आपलं वळण खऱ्या जगात वीस मीटर त्रिज्येचं आलं. एवढ्या आवळ वळणावर ट्रामसुद्धा दात-ओठ खात जाते. आपण त्यावरून मेल इंजिन न्यायचं म्हणतो. रुंदीतही गंमत आहेच. दोन रुळांमधलं अंतर पाच स्टड आणि गाडी सहा, त्यामुळे लेगोचं प्रत्येक इंजिन पाय फाकवून चालतं. तेवढं आपण प्रेमापोटी न बघितल्यासारखं करतो.

मोठी चाकं मी सुटी मागवली होती. तीन जोड्या, एकाच सांगाड्यात पक्क्या. रुळाच्या आत राहण्यासाठी चाकाला कड असते. सहाही चाकांना कड असली तर इंजिन सरळ रुळावर राजासारखं चालतं आणि वळण आलं की राजासारखंच सरळ जातं, सोफ्याखाली.

“धावता येईना, रूळ वाकडे,” नवरा म्हणाला.

“रूळ वाकडेच आहेत!” मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच ही सबब खरी होती.

उपाय जुना आहे, आणि खऱ्या रेल्वेचाच आहे. मधल्या जोडीला कड द्यायची नाही. ब्रिटिश रेल्वेच्या ९एफ जातीच्या इंजिनाला मोठ्या चाकांच्या पाच जोड्या होत्या, त्यातली मधली अशीच बिनकडेची होती. तशी चाकं लावली आणि इंजिन वळू लागलं. मग पुढची छोटी चाकं, जी वळणावर बाजूला सरकतात, ती सिलिंडरला धडकू लागली. सिलिंडर एक प्लेट वर घेतला. तर दांडी तिरपी झाली आणि चाकाच्या खिळ्याला अडकली. दांडी बाहेर काढली. तर रुंदी वाढली आणि फलाटाला घासू लागली. फलाट मुलाचा होता. पुन्हा वही काढावी लागली.

एका बाबतीत मात्र मी खऱ्या कारखान्यांच्याही पुढे होते. वाफेच्या इंजिनाच्या डाव्या आणि उजव्या दांड्या एकाच वेळी टोकाला येऊन चालत नाहीत. दोन्ही बाजू तिथे एकदम अडकल्या तर इंजिन जागचं हलणार नाही. म्हणून त्या एकमेकींपासून ९० अंशांनी फिरवलेल्या असतात. हा कोन अचूक साधायला कारखान्यांत वेगळं यंत्र असे. लेगोच्या दोन चाकांना जोडणारा आस अधिकच्या चिन्हाच्या आकाराचा असतो. चाक त्यावर चारच प्रकारे बसतं, म्हणजे ९० अंश न साधणंच अवघड. हे मी घरात सगळ्यांना बोलावून समजावून सांगितलं. सगळे म्हणजे दोघं. त्यातला एक अर्ध्यात उठून गेला.

राहिला प्रश्न मोटरचा. बॉयलरच्या पोटात समीकरण झोपलेलं, तिथे मोटरला जागा कुठून असणार? बॅटरीच्या पेटीत सहा बारके सेल असतात आणि ती चार स्टड रुंद, आठ स्टड लांब आहे. ती गेली मागच्या टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या गाडीत, कोळशाखाली. मोटरही टेंडरखालीच. म्हणजे बघणाऱ्याला वाटतं की एवढं मोठं इंजिन डौलात टेंडर ओढत चाललंय, पण वस्तुस्थिती अशी की मागचं बिचारं टेंडर सगळा भार पोटाशी धरून इंजिनाला ढकलत असतं, आणि इंजिन पुढे नुसतं हातवारे करतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. घरोघरी मातीच्या चुली. त्याने पेपर उलटला.

पहिली फेरी रविवारी दुपारी झाली. दोन डबे जोडले होते. इंजिन सरळ रुळावरून गेलं, वळणात शिरलं, चालकाची खोली टेंडरला जराशी खेटली, दांड्या खटखटल्या आणि सगळा लवाजमा वळणाबाहेर जिवंत आला. तिसरा डबा जोडला तेव्हा मोटरची चाकं जागच्या जागी गरागरा फिरू लागली, कारण वजन कमी पडत होतं. कोळशाखाली चार जाड नट ठेवले, मग तिसराही निघाला. मी टाळ्या वाजवल्या. मुलाने तोंड भरून कौतुक केलं आणि म्हणाला, “थांब, आता मी पूल करतो.”

पूल त्याने माझ्याच उरलेल्या विटांचा केला, रुळांवरून आडवा. चांगला भक्कम. गाडी आली, बॉयलर गेला आणि धुरांडं कमानीला थडकून सगळं जागीच थांबलं. दोन प्लेटांचा फरक होता.

“पूल दोन प्लेटा वर घे ना.”

“पूल आधीपासून आहे.”

“अरे, आत्ता तर बांधलास!”

“इंजिन नंतर आलं. इंजिनाने वाकायचं.”

दुर्दैवाने इतिहास त्याच्या बाजूने होता. इंग्लंडमधल्या कँटरबरी ते व्हिट्स्टेबल या १८३० साली सुरू झालेल्या रेल्वेवर टायलर हिलचा बोगदा इतका बुटका होता, की तिथे धावणाऱ्या इंजिनांची धुरांडी कापून आखूड करावी लागली. मी हे त्याला सांगायला नको होतं. त्याने वही उघडली, दोन रेघा मारलेली नोंद शोधली आणि माझ्यासमोर धरली. चोवीस तासांचीही वाट बघितली नाही.

आता इंजिन बिनधुरांड्याचं पुलाखालून आरामात जातं. पुलावर चाचे उभे आहेत, तलवारी नाहीत, सरदाराला पेला नाही, एकाला एक हात कमी. पण तोफ आहे, आणि ती गाडी ज्या बाजूने येते त्या बाजूला रोखलेली आहे.