ते भूत सगळ्यांनाच दिसायला हवं

व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकात राणी व्हिक्टोरियाच्या काळात लिहिलेल्या इंग्रजी भूतकथांबद्दल एक मत हमखास ऐकायला मिळतं. तीच जुनी हवेली, तेच कुलूपबंद दालन, भिंतीवरचं तेच चित्र, बाहेर वादळ. एक वाचली की सगळ्या वाचल्या! मला हे मुळीच पटत नाही.

सामान जुनंच होतं, हे खरं. होरेस वॉलपोलच्या 'द कॅसल ऑफ ओट्रान्टो'मध्ये (१७६४) ते जवळजवळ सगळं सापडतं: बळकावलेली गादी, जुलमी बाप, चौकटीतून उतरून चालू लागणारा चित्रातला आजोबा. पण ते सारं घडतं दूर इटलीत, कित्येक शतकांपूर्वी. इंग्रज वाचक आपल्या घरात निर्धास्त. व्हिक्टोरियन लेखकांनी, त्यातही लेखिकांनी, हे सामान उचलून इंग्लंडच्या घरात आणून ठेवलं.

एलिझाबेथ गॅस्केलची 'द ओल्ड नर्सेस स्टोरी' घ्या. १८५२ साली चार्ल्स डिकन्सच्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' साप्ताहिकाच्या नाताळ अंकात ती आली. गोष्ट सांगते हेस्टर, मुलं सांभाळणारी बाई. आईबाप गेलेल्या चिमुकल्या रोझमंडला घेऊन ती नॉर्थम्बरलंडमधल्या फर्निव्हल घराण्याच्या हवेलीत येते. हिवाळी रात्री ऑर्गनचे सूर ऐकू येतात. हेस्टर तो ऑर्गन उघडून बघते, तर आतून पार मोडलेला. बर्फातली एक मुलगी खिडकीच्या काचेवर हात आपटत असते, आणि आवाज येत नाही. बाकीचे नोकर विषय टाळतात.

हळूहळू कळतं ते असं. घरात म्हातारी, बहिरी मिस ग्रेस आहे. तरुणपणी तिचा आणि थोरल्या बहिणीचा एकाच परदेशी संगीतकारावर जीव जडला होता. थोरलीने त्याच्याशी गुपचूप लग्न केलं, तिला मुलगी झाली. ग्रेसने मत्सरापोटी बापाला सांगितलं. बापाने त्या पोरीवर कुबडी उगारली, मारलं, आणि मायलेकींना बर्फात हाकलून दिलं. पोर मेली, आईला वेड लागलं.

शेवटी एका रात्री हे सगळं घरातल्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा घडतं. डिकन्सला हा शेवट पसंत नव्हता. भुतं फक्त लहान रोझमंडला दिसावीत, असं त्याचं म्हणणं होतं. गॅस्केलने ऐकलं नाही, आणि ती शंभर टक्के बरोबर होती.

नुसत्या रोझमंडला दिसलं असतं, तर मोठ्यांना सुटका होती. पोर घाबरली, भास झाला, म्हणून विषय मिटला असता. त्या घराने वर्षानुवर्षं तेच तर केलं होतं! सगळ्यांना दिसलं, म्हणून कोणाला नाकारता येईना. आणि त्या भुतांमध्ये एक आकृती उभी राहते ती तरुण ग्रेसची: सुंदर, द्वेषाने भरलेली, मारहाण बघत थांबलेली. खरी ग्रेस जिवंत आहे, तिथेच उभी आहे, बापाकडे पोरीसाठी दया मागते आहे. तिचीच तरुण आकृती मात्र जागची हलत नाही. गॉथिकचे, म्हणजे जुन्या हवेल्या आणि घराण्यांच्या गुपितांवर उभ्या या भयकथांचे, सगळे संकेत वापरून गॅस्केल इथपर्यंत येते आणि जिवंत माणसाचं भूत उभं करते. मला हे दृश्य त्या काळातल्या कुठल्याही भुतापेक्षा भयंकर वाटतं.

डिकन्सला हे कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. १८६५ मध्ये स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून तो स्वतः वाचला, आणि पुढच्याच वर्षी त्याने 'द सिग्नल-मॅन' लिहिली. तिथे भूत एकट्या सिग्नलवाल्यालाच दिसतं आणि ते शोभतंही, कारण त्या खोल, ओलसर दरीत बोगद्याच्या तोंडाशी तो माणूस खरोखर एकटा आहे. फर्निव्हलांच्या घरातला गुन्हा एकट्याचा नव्हता. बापाने मारलं, बहिणीने चुगली केली, बाकीच्यांनी तोंड मिटलं.

आणि हे सगळं सांगते कोण? पगारी बाई. घराण्याच्या अब्रूची जबाबदारी तिच्यावर नाही, तिला फक्त हाताशी असलेलं पोर वाचवायचं आहे. म्हणून ती जे पाहिलं ते सांगते, तेही रोझमंडच्याच मुलांना. हेस्टरचा हा आवाज मला मराठीत ऐकायची फार इच्छा आहे. अनुवाद करणाऱ्यांनी ही कथा जरूर हाती घ्यावी. भाषा मात्र घरातल्या जुन्या, जाणत्या बाईची ठेवा, पुस्तकी नको.